टाळी कुणाची, शब्द कुणाचा?

गाणाऱ्याची थोरवी कशावरून ठरवायची, हा प्रश्न आपल्याकडे फारसा गंभीरपणे विचारला जात नाही. मैफल रंगली, नोटांची उधळण झाली, की कव्वाल मोठा. आणि त्याच उधळणीकडे पाहून नाक मुरडायचे ठरवले, की तोच कव्वाल बाजारू. दोन्ही निकाल मंचाकडे पाहूनच दिलेले असतात. आमच्या मते मंचावरची अदाकारी आणि समाजमनावरचा प्रभाव ही दोन वेगळी मापे आहेत. कधी ती जुळतात, कधी अजिबात जुळत नाहीत. हा फरक नीट न केल्यामुळे आपण काही माणसांवर मोठा अन्याय केला आहे.

सुरुवात जरा दूरच्या उदाहरणाने करू. जुलै १९८५ मध्ये इंग्लंडमध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन कार्यक्रम झाले. १३ जुलैला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ झाला. त्यात ‘क्वीन’ या रॉक समूहाचा गायक फ्रेडी मर्क्युरी जेमतेम वीस मिनिटे मंचावर होता. हा मूळचा फारोख बलसारा. पारशी घरातला आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. माइकची अर्धी दांडी हातात घेऊन तो धावला, नाचला, आणि सत्तर हजारांच्या समुदायाकडून त्याने आपल्या सुरामागे सूर काढून घेतला. पुढच्याच आठवड्यात एसेक्समधील मर्सी बेटावर ‘वोमॅड’ महोत्सवात नुसरत फतेह अली खान गायले. ते जागचे हललेसुद्धा नाहीत. मांडी घालून बसले, हात उंचावला, आणि साथीदारांच्या टाळ्यांवर सरगमचा पाऊस पाडला. समोरच्यांना ना उर्दू कळत होती, ना पंजाबी.

म्हणजे अदाकारी ही काही केवळ अंगविक्षेपांत नसते. धावणारा आणि बसलेला, दोघांनीही एकच काम केले. हाक दिली आणि ओ मिळवली. परंतु प्रभावाचा हिशोब मांडला तर फरक दिसतो. ‘वोमॅड’च्या संस्थापकांपैकी एक असलेला रॉक गायक पीटर गॅब्रिएल याने पुढे नुसरत यांचा आवाज आपल्या संगीतात घेतला. १९९० मध्ये ‘मस्त मस्त’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका त्याच्याच कंपनीने काढली. पाश्चात्त्य तरुणांपर्यंत कव्वाली पोहोचली, मात्र ती सूर म्हणून पोहोचली. तिच्यातला कलाम वाटेतच राहिला.

आता आपल्या मंचाकडे येऊ. १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातील इस्माईल आझाद यांच्या कव्वालीने एक लाट उठवली. पुढची दोन-तीन दशके मुंबईच्या कव्वालांनी महाराष्ट्राचे उरूस, जलसे आणि नाट्यगृहे गाजवली. बाहेरच्या जगात रॉक गायकाला जे स्थान होते, ते आपल्या मोहल्ल्यात या मंडळींना होते. रेकॉर्ड, मग कॅसेट, रात्रभराचे मुकाबले, आणि ‘आमचा कव्वाल श्रेष्ठ की तुमचा’ म्हणून सकाळपर्यंत चालणारे वाद.

यातील तीन नावे तुलनेसाठी घेऊ. पहिले शकीला बानो भोपाली यांचे. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या रेकॉर्ड आज ऐकल्या तर निम्म्याच शकीला बानो हाती लागतात. नजर, हाताची फेक, श्रोत्याला नेमके हेरून त्याच्यावर टाकलेला शेर, हे सारे रेकॉर्डवर येत नाही. म्हणून काही टीकाकार त्यांना ‘फक्त अदा’ म्हणून मोकळे होतात. आम्हांला हे मान्य नाही. कव्वालीच्या मंचावर मध्यभागी बसून, स्वतःच्या नावाने पार्टी चालवणारी स्त्री ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. त्यांच्यामागून कितीतरी स्त्रिया त्या मंचावर आल्या. इथे अदाकारी हाच प्रभाव ठरला.

दुसरे नाव युसूफ आझाद यांचे. रशीदा खातून यांच्यासोबतचा त्यांचा मुकाबला १९७२ च्या ‘पुतलीबाई’ चित्रपटात आहे. पुरुष विरुद्ध स्त्री, चिमटा विरुद्ध चिमटा. हजरजबाबीपणाला दाद द्यावीच लागेल. पण चिमटा पहिल्यांदा झोंबतो, दुसऱ्यांदा हसू आणतो आणि तिसऱ्यांदा पाठ झालेला असतो. मुकाबल्याची सगळी शक्ती त्या रात्रीतच खर्च होते. टाळ्या सर्वांत जास्त आणि मागे उरते ते सर्वांत कमी, असा हा प्रकार आहे.

तिसरे अझीझ नाझाँ. १९९२ मध्ये ते गेले. त्यांचा आवाज गोड नव्हता; चढा, खरखरीत, वरच्या पट्टीत फाटेल की काय असे वाटायला लावणारा होता. नुसरत यांच्या गाण्यात शब्द सुरात विरघळतो. अझीझ नाझाँ यांच्या गाण्यात सूर शब्दाच्या पाठीशी उभा राहतो. ते मूळ ओळ धरून ठेवतात आणि तिला बाहेरून एकेक शेर जोडत जातात. यालाच गिरह लावणे म्हणतात. प्रत्येक शेर भाषणातल्या वाक्यासारखा स्वच्छ ऐकू येतो. म्हणून जो उर्दू लिपीतले एक अक्षर वाचू शकत नाही, अशा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतमजुरालाही तो कळतो. त्यात मुसलमान आला, तसा सैलानी बाबांच्या यात्रेला येणारा हिंदू आणि बौद्धही आला. उर्दूच्या शाळेत मास्तर म्हणून उभे राहणाऱ्या आम्हांला हे कबूल केले पाहिजे, की या जिल्ह्यात उर्दू शब्द जितके कव्वालीने पसरवले, तितके आमच्या पाठ्यपुस्तकांनी पसरवले नाहीत.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. काही धर्मपंडितांना मुळात वाद्यांसह गाणेच मान्य नाही, आणि त्यातही शराबीचे गाणे म्हणजे अतीच झाले. समाच्या योग्यायोग्यतेचा वाद सूफींच्या काळापासून चालत आला आहे. तो इथे मिटणार नाही, मिटवायचा आमचा अधिकारही नाही. दुसरा आक्षेप उर्दू अदबवाल्यांचा. त्यांच्या लेखी हे तुकबंदीचे काम. पण अदबवाल्यांनी एवढे तरी सांगावे, की ज्या तुकबंदीला ते हसतात ती लिहिली कुणी, हे त्यांना ठाऊक आहे काय?

आमचा खरा मुद्दा इथे सुरू होतो. अझीझ नाझाँ यांची ‘झूम बराबर झूम’ ही कव्वाली १९७४ च्या ‘फाइव्ह रायफल्स’ चित्रपटातून देशभर गेली. तिचे शायर नाझा शोलापुरी. माणसाच्या ऐश्वर्याचा अस्त सांगणारी त्यांची ‘चढता सूरज’ लिहिली कैसर रत्नागिरवी यांनी. नावे नीट ऐकावीत. एक सोलापूरचा, दुसरा रत्नागिरीचा. लखनौ-दिल्लीच्या नव्हे, मराठी मुलखातल्या गावांची नावे आपल्या तखल्लुसाला जोडून हे शायर उर्दूत लिहीत होते. गिरणगावातला कामगार आणि मोंढ्यातला हमाल त्यांचे शेर पाठ म्हणत होता. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा नाही, कारण ते उर्दू. उर्दूच्या इतिहासात नाही, कारण ते कव्वालीवाले. आणि आपल्या मोहल्ल्यात नाही, कारण तिथे सगळे श्रेय मंचावरच्या माणसाला.

याच्या उलट उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे. त्यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी यांनी गायली आणि तिथून मराठी भावगीताचे युग सुरू झाले असे मानतात. गायक मोठा झालाच. पण म्हणून कवी झाकला गेला नाही. मेहकरात राहून वकिली करणाऱ्या या कवीला १९८६ मध्ये ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भावगीत ऐकणारा मराठी माणूस ‘कवी कोण?’ हे विचारतो. रेडिओनेही त्याला ती सवय लावली. कव्वाली ऐकणाऱ्या आपल्या समाजाने ही सवय लावून घेतली नाही, हा दोष कव्वालाच्या अदाकारीचा नाही, आपला आहे.

प्रभावाचा आणखी एक पुरावा सांगतो. कव्वालीचा हा साचा उर्दूपुरता राहिला नाही. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी तो आपलासा केला आणि भीमगीतांच्या मंचावर मराठी कव्वाली उभी राहिली. तीच गिरह, तोच सवाल-जवाब, तीच टाळी; फक्त कलाम बाबासाहेबांचा. ज्या कलेला आपण बाजारू म्हणून हाकलत होतो, तिच्यात शेजारच्या वस्तीने आपला इतिहास गायला. यापेक्षा मोठी पावती कोणती असू शकते?

आज मोहल्ल्यात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात. त्यावर जुन्या कव्वालीचा ठेका तेवढा उचलून वाजवतात, शेर गाळून टाकतात. २००७ मध्ये ‘झूम बराबर झूम’ हे एका चित्रपटाचे नावच झाले. २०१७ च्या ‘इंदू सरकार’मध्ये अझीझ नाझाँ यांचे पुत्र मुज्तबा यांनी ‘चढता सूरज’ पुन्हा गायली. आमच्या आठवीच्या मुलांना ती मोबाइलवरून तोंडपाठ आहे. शायर कोण असे विचारले, तर वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

तेव्हा आमचा निवाडा असा. त्या रात्रीपुरते पाहिले तर युसूफ आझाद मोठे. मंचाचा दरवाजा उघडण्यात शकीला बानो मोठ्या. आणि शब्द माणसांच्या तोंडी ठेवण्यात अझीझ नाझाँ सर्वांत मोठे. मात्र त्यांच्या मोठेपणातला निम्मा वाटा अशा दोघांचा आहे, ज्यांच्यासाठी टाळी वाजलीच नाही. सोलापूर आणि रत्नागिरीतल्या जाणकारांनी या दोघांचे विखुरलेले कलाम वेळीच गोळा करावेत, मराठी लिपीत छापावेत, सोबत अर्थ द्यावेत. मुस्लीम मराठी साहित्य म्हणून जे काही आपण उभे करू पाहतो, त्याच्या पायात हे दगड आधीपासूनच आहेत. त्यांच्यावर नावे कोरायची तेवढी राहिली आहेत.