शब्दांचे धर्मांतर : ख्रिस्ती मराठी वाङ्मय आणि मराठी समीक्षा

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्षपदी होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूने हे पद भूषवावे की नाही, यावर त्याआधी बराच वाद झाला. विरोधकांना दिब्रिटोंच्या झग्यापलीकडचे काही पाहायचे नव्हते. समर्थकांनी मात्र जी भूमिका घेतली ती वाङ्मयीन दृष्ट्या अधिक विचारार्ह आहे. फादर स्टीफन्सने मराठीचा गौरव केला, रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ दिली, म्हणजे ही मंडळी आपलीच, असा तिचा बहुतांशी सूर होता. या युक्तिवादात ख्रिस्ती लेखकाकडे मागितले जाते ते मराठीपणाचे प्रमाणपत्र. त्याची श्रद्धा ही जणू सौजन्याने दुर्लक्षिण्याची बाब ठरते. मराठी समीक्षेनेही गेल्या शतकात ख्रिस्ती वाङ्मयाशी जवळपास असाच व्यवहार केला आहे.

‘ख्रिस्तपुराणा’चे उदाहरण घ्यावे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सचे हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. वाङ्मयेतिहासात त्याला मिळणारी जागा प्रामुख्याने मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्यांनी व्यापलेली असते; विद्यार्थ्यालाही तेवढ्याच ओव्या ठाऊक असतात. पुराणाच्या आरंभीची भूमिका मात्र त्याहून बोलकी आहे. नवख्रिस्ती समाजातील एक जण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तर वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? सबंध ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि हा प्रश्न निरागस नाही. ज्या प्रदेशात देवळे पाडली गेली होती, जुने ग्रंथ बाळगणे गुन्हा ठरले होते आणि १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते, तेथे तो विचारला गेला आहे. हिरावून घेतलेल्या कथनाची पोकळी भरण्यासाठी हिरावणाऱ्यांच्याच पंथातील एक माणूस ओवी हाती घेतो. ‘ख्रिस्तपुराण’ हा दोन संस्कृतींचा गोड संगम आहे असे म्हणणारे हा इतिहास वगळतात. ते केवळ धर्मप्रसाराचे साधन आहे असे म्हणणारे ओवीने त्या साधनाचे काय केले हे पाहत नाहीत.

ओवीने काय केले, हे शब्दांच्या पातळीवर तपासता येते. स्टीफन्सचा स्वर्ग ‘वैकुंठ’ होतो. परंतु पवित्र आत्मा, संस्कारविधी यांसारख्या काही संकल्पना मुद्रित आवृत्तीत पोर्तुगीज-लॅटिन रूपातच राहतात. कोणता शब्द ओलांडून येऊ द्यायचा आणि कोणता सीमेवरच थांबवायचा, याचा निर्णय तेथे ओवीगणिक घेतला गेला आहे. लंडनमध्ये जतन झालेल्या देवनागरी हस्तलिखितात तर अशा परकी शब्दांच्या जागी संस्कृतोद्भव शब्द आले आहेत. म्हणजे हा निर्णय एकदाच घेऊन संपला नव्हता. वैकुंठात विष्णू नसेल तर तो शब्द वाचकाच्या मनात काय जागे करतो? नव्या श्रद्धेने जुना शब्द जिंकला, की जुन्या शब्दाने नवी श्रद्धा आपल्या घरात ओढून घेतली? मराठी समीक्षेने हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने हाताळलेला नाही.

हीच वाट पुढे नारायण वामन टिळकांची (निधन १९१९) आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. पुलाची ही प्रतिमा समीक्षकांना फार आवडली, कारण तिने वारकरी वाचकाला आश्वस्त केले. परंतु पूल ओलांडणारा माणूस पलीकडे पोचलेला असतो, ही साधी गोष्ट त्या आवडीत विसरली जाते. टिळकांच्या भजनांतील आर्तता तुकारामाची आहे. पापाची जाणीव, बलिदानातून मिळणारी मुक्ती आणि इतिहासात एकदाच घडलेल्या घटनेवरील भरवसा मात्र तुकारामाचा नाही. त्यांना ‘ख्रिस्ती संतकवी’ म्हणून मोकळे होणे हा आदर खरा, पण त्यात वाचनाची टाळाटाळही आहे.

पंडिता रमाबाईंनी नेमकी उलट वाट धरली. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आश्रमातील स्त्रियांच्या श्रमांतून छापलेला हा ग्रंथ १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाला. संस्कृतच्या या विदुषीने संस्कृतप्रचुर धार्मिक परिभाषा जाणीवपूर्वक दूर ठेवली. त्या शब्दांना चिकटलेले जुने अर्थ त्यांना नको होते, आणि अल्पशिक्षित खेडूत स्त्रीला कळेल असे बायबल हवे होते. ज्या ग्रंथपरंपरेने स्त्री-शूद्रांना दाराबाहेर ठेवले, तिच्या सुंदर शब्दांतून त्यांच्यासाठीची सुवार्ता सांगायची नाही, असा हा निर्धार आहे. या भाषांतरात काही ठिकाणी ओबडधोबडपणा आहे आणि प्रवाहीपणाचा अभावही जाणवतो. तरीही मराठी गद्याच्या इतिहासात इतका सैद्धान्तिक भाषिक निर्णय घेणारी कृती विरळाच. रमाबाईंचे चरित्र वारंवार लिहिले जाते, त्यांचे बायबल मात्र फारसे वाचले जात नाही.

‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या ग्रंथाचे दुर्दैव वेगळे आहे. तो फार आवडल्यामुळे नीट वाचला गेला नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची घरगुती भाषा आणि तऱ्हेवाईक पतीशी झालेला संसार यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे दूर राहिलेली ही स्त्री शिवाशिवीच्या कल्पनेशी आतल्या आत झुंजते आणि जाती देवाने केलेल्या नाहीत या निष्कर्षाला स्वतःच पोचते. बाप्तिस्मा त्यानंतरचा. तिचे धर्मांतर पाण्याच्या भांड्यात आणि ताटात घडते. वादविवाद किंवा ग्रंथवाचनाने तिला तेथे नेलेले नाही. ख्रिस्ती परंपरा आजच्या जगण्याला कशी लागू पडते, या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत नेमके उत्तर बहुधा याच पानांत आहे; ती पाने ‘विनोदी आत्मचरित्र’ या शिक्क्याखाली झाकली गेली.

नांदेड-लातूरच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. नामदेवाची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि १७०८ मध्ये त्याच ग्रंथाला गुरुपद मिळाले ते नांदेडात. वीरशैव मन्मथस्वामी, माहूरशी जडलेली महानुभाव परंपरा, मुंतोजी ब्रह्मणीसारखा मुसलमान ग्रंथकार यांना मराठी वाङ्मयेतिहासाने निरनिराळ्या दर्शनांसह स्वीकारले. महानुभाव ग्रंथ वाचताना त्यांचे द्वैत समजून घ्यावेच लागते. तेथे ‘भाषा छान आहे’ एवढ्यावर कोणी थांबत नाही. ख्रिस्ती वाङ्मयालाच तेवढी वेगळी खोली का?

दिब्रिटोंच्या (निधन २०२४) ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांची भाषा स्टीफन्स-टिळकांच्या कुळातली, संतवाणीशी सलोखा राखणारी, प्रसन्न आहे. ‘सुवार्ता’चे संपादन आणि हरित वसईचे आंदोलन यांतून त्यांनी श्रद्धेला जमीन, पाणी आणि नागरिकत्व यांच्याशी जोडले, हे त्यांचे मोठे श्रेय. वसईतील कॅथलिक समाजाला जमिनीचा व बोलीचा जो दीर्घ वारसा आहे, त्यातून ही प्रसन्नता येते. अहमदनगर, जालना या भागांतील मिशनच्या मंडळ्या प्रामुख्याने महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्यांचा अनुभव निराळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहतो. बौद्धांना १९९० मध्ये मिळालेला समावेश त्याला मिळालेला नाही. कागदावर त्याची जात संपते, गावात संपत नाही. दलित बौद्ध आत्मकथनांनी मराठी गद्याचा पाया हलवला, पण या दुहेरी अनुभवाचे लेखन त्या मानाने क्षीणच राहिले. त्याला वैकुंठाची भाषा उपयोगी पडणार नाही. उपयोगी पडलीच तर रमाबाईंची, म्हणजे प्रत्येक सुंदर शब्दाला तू आजवर कोणाच्या बाजूने उभा होतास असे विचारणारी भाषा पडेल. आणि ते शंभर वर्षांपूर्वीचे बायबल अजून पुरेसे उघडले गेलेले नाही.