गजाननराव जोशी यांचे सांगीतिक शिक्षण : ‘स्वयंशिक्षित’ या विशेषणाची चिकित्सा

गायक व व्हायोलिनवादक पं. गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे व्हायोलिन स्वप्रयत्नाने शिकले, असे सांगितले जाते. त्या वाद्याचा रूढ अर्थाने गुरू त्यांना नव्हता, एवढ्यापुरते हे खरे आहे. परंतु या विशेषणामुळे त्यांच्या वादनामागील प्रदीर्घ तालीम झाकली जाते.

ही तालीम प्रथम घरचीच होती. वडील अंतूबुवा जोशी हे आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे राजगायक. अंतूबुवांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. याच बुवांनी मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांना घडविले. या परिसरात रुजलेली ग्वाल्हेर गायकी गजाननरावांना अशी वारशानेच लाभली. पुढे रामकृष्णबुवा वझे, आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ व जयपूर-अत्रौलीचे भुर्जी खाँ यांच्याकडेही ते शिकले. हे सारे गायक होते. गजाननरावांचे व्हायोलिन समजून घ्यावयाचे तर येथूनच आरंभ करावा लागतो.

व्हायोलिनला पडदे नसतात. स्वराची जागा कानानेच ठरवावी लागते. रागपरत्वे गंधार कोठे लागतो हे गळ्यात पक्के झालेले असेल, तर बोट त्या जागेचा शोध घेऊ शकते. गजाचे काम याहून अवघड. बंदिशीचे अक्षर कोठे तोडावे, समेवर येताना दम कसा राखावा, हे गाऊन जाणलेल्या वादकाला गज उलटविण्याची जागाही त्यातूनच उमगते. तबल्याच्या शिक्षणाने त्यांच्या लयीला बळ दिले, ते वेगळेच.

अमेरिकन जॅझ बासवादक चार्ल्स मिंगस याच्याशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तो आधी चेलो शिकला. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे माजी बासवादक हर्मन राइन्सहेगन यांच्याकडे त्याने बासची शास्त्रशुद्ध तालीम घेतली. त्याला वाद्याचे तंत्र गुरूकडून मिळाले. गजाननरावांना संगीत गुरूंकडून मिळाले आणि तंत्र त्यांनी शोधले.

त्यामुळे ‘गायकी अंग’ ही त्यांच्या वादनाची नेहमीची प्रशस्तीही अपुरी वाटते. तिच्यात वाद्याने गळ्याची नक्कल केल्याचा ध्वनी आहे. येथे गायक आणि वादक एकच होता. श्रीधर पार्सेकरांसारखा व्हायोलिनवादक आणि उल्हास कशाळकरांसारखा गायक, दोघेही त्यांचे शिष्य असावेत, यात म्हणूनच विसंगती नाही. केवळ वाद्यवर्गात बसलेल्या विद्यार्थ्यास ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांची बोटे काही अंशी उचलता येतील; गज कोठे थांबवावा, हे मात्र त्यास बंदिश गाऊनच शोधावे लागेल.