तीन रंग, एक चव

एखाद्या कथेवर आपण जीव लावावा, वर्षानुवर्षे तिच्या सोबतीने राहावे आणि अखेरच्या प्रकरणात तिने आपला विरस करावा, असे झाले तर रसिकाने काय करावे? रागवावे, मुकाट्याने पुस्तक मिटावे, की शेवट फसलेलाच नाही असे सिद्ध करून दाखवावे? हा तिसरा मार्ग २०१२ साली जगभरच्या असंख्य रसिकांनी पत्करला. त्यांच्यासमोरची कलाकृती पुस्तक नव्हे, व्हिडिओ गेम होती. परंतु त्यांनी मांडलेल्या उपपत्तीत टीकेचे गुण आणि टीकेचे मोह असे दोन्ही इतके स्पष्ट दिसतात की साहित्याच्या अभ्यासकानेही तिच्याकडे पाहावे.

घरातील तरुण मंडळींना 'मास इफेक्ट' हे नाव परिचयाचे असेल. वडीलधाऱ्यांसाठी थोडी ओळख करून देतो. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या कंपनीने ही त्रिखंडात्मक कथा २००७, २०१० आणि २०१२ या साली प्रसिद्ध केली. खेळणाऱ्याने शेपर्ड नावाच्या सेनाधिकाऱ्याची भूमिका घ्यायची. कोणाला काय उत्तर द्यावे, कोणाला वाचवावे, हे त्यानेच ठरवायचे. आणि पहिल्या खंडात घेतलेला निर्णय तिसऱ्या खंडापर्यंत त्याचा पाठलाग करतो. कथा सुरू होते ती २१८३ साली. आकाशगंगेत 'मास रिले' नावाची प्रचंड यंत्रे आहेत. त्यांच्या योगाने जहाजे एका तारकामंडळातून दुसऱ्यात क्षणार्धात पोचतात. ही यंत्रे लुप्त झालेल्या प्रोथियन जातीने उभारली अशी सर्वांची समजूत असते. वस्तुतः ती 'रीपरां'नी पेरून ठेवलेली असतात. बुद्धिमान जातींनी या आयत्या यंत्रांवर वाढावे, म्हणजे त्यांची वाढ ठरल्या वाटेने होईल आणि दर ५०,००० वर्षांनी त्यांची कापणी करणे सोपे जाईल, असा हा कावा. रीपर म्हणजे कापणी करणारा.

हे रीपर यंत्र म्हणावे की प्राणी? दुसऱ्या खंडात माणसांची शरीरे विरघळवून त्या रसातून नवा रीपर घडवला जात असतो. म्हणजे या यंत्राच्या पोटात प्राण्यांची जात साठवलेली. त्याचे खरे शस्त्र तोफ नव्हे. त्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाच्या मेंदूवर विद्युतचुंबकीय क्षेत्रांचा आणि कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनींचा परिणाम होतो. प्रथम डोके दुखते, कानात गुणगुण होते, कोणी पाहत असल्याचा भास होतो. पुढे छाया दिसू लागतात, आणि अखेर शत्रूची इच्छा त्याला स्वतःचीच इच्छा वाटू लागते. एका मृत रीपराच्या पोटात काम करणारे दोन शास्त्रज्ञ एकाच स्त्रीची आठवण आपापल्या पत्नीची म्हणून सांगू लागतात, हा प्रसंग तर या मालिकेतील उत्कृष्ट प्रसंगांपैकी एक होय.

आपल्या जगाचे नियम लेखकमंडळींनी एरवी किती काटेकोरपणे सांभाळले होते, याचे एकच उदाहरण देतो. पृथ्वीवरील सजीवांची प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांची रचना डाव्या हाताची असते. या कथेतील ट्युरियन आणि क्वेरियन जातींची मात्र उजव्या हाताची. म्हणून माणसाच्या ताटातले अन्न त्यांना पोषक होत नाही. उजव्या-डाव्याचा हा भेद लुई पाश्चरने १८४८ साली स्फटिक निवडता निवडता शोधला. करमणुकीच्या खेळात त्याची आठवण ठेवणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता शेवटाकडे वळू. लंडनच्या रणांगणात रीपराचा किरण लागून शेपर्ड कोसळतो, धडपडत उठतो आणि शत्रूच्या गाभाऱ्यात शिरतो. तेथे एका लहान मुलाचे रूप घेतलेली बुद्धी त्याच्यापुढे तीन वाटा ठेवते. तांबडी वाट रीपरांच्या नाशाची, निळी त्यांच्यावर सत्ता गाजवण्याची, आणि हिरवी सर्व सजीव व सर्व यंत्रे यांच्या मीलनाची. कोणतीही निवडली तरी पुढची दृश्ये जवळजवळ सारखीच, फक्त प्रकाशाचा रंग वेगळा. रसिक संतापले, पण त्यांच्या संतापाची तऱ्हा लोभस होती. काहींनी कंपनीकडे सुमारे ४०० छोटे केक पाठवले: तांबडे, निळे, हिरवे, आणि चव सर्वांची एकच! याच निषेधाच्या निमित्ताने आजारी मुलांना खेळ पुरवणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेसाठी ८०,००० डॉलर जमले.

याच सुमारास ती उपपत्ती पुढे आली. तिचे म्हणणे असे की शेपर्ड उठलाच नाही. किरण लागल्यानंतरचे सारे त्याच्या मनात घडते. रीपर त्याच्या मनाचा ताबा घेऊ पाहत आहेत आणि तीन वाटा हा त्यांचा अखेरचा सापळा आहे. पुरावे ऐकण्यासारखे आहेत. तो मुलगा आरंभापासून शेपर्डखेरीज कोणाच्या नजरेत आल्याचे दिसत नाही. शेपर्डच्या स्वप्नांत काळ्या छाया वावरतात. गोळी लागते ती त्याच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याला, अँडरसनला. रक्त मात्र पुढे शेपर्डच्या कुशीतून वाहते. मालिकेत एरवी सौजन्याला निळा आणि आडदांडपणाला तांबडा रंग असताना, येथे शत्रूला सोयीची वाट निळी आणि त्याच्या नाशाची तांबडी. शिवाय पुरेशी तयारी करून नाशाची वाट धरली, तर शेवटी ढिगाऱ्यात कोणीतरी श्वास घेताना दिसते.

असे तर्क रचण्याची हौस आपल्यालाही नवी नाही. शकुनीचे फासे त्याच्या पित्याच्या हाडांचे होते, ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. फासे नेमके शकुनीलाच कसे वश, हे कोडे श्रोत्यांना स्वस्थ बसू देईना. तेव्हा लोकपरंपरेने उत्तर घडवले.

या उपपत्तीचा मोठेपणा असा की तिने कथेला बाहेरचे माप लावले नाही. रीपरांच्या इतक्या निकट वावरूनही शेपर्डचे मन शाबूत कसे, हा प्रश्न कथेने स्वतःच घालून दिलेल्या नियमांतून उठतो, आणि लेखकांनी त्याला सरळ उत्तर दिले नव्हते. हे दाखवणे, ही अस्सल टीका होय. पिस्तुलातील गोळ्या संपत का नाहीत, झुडपे स्वप्नातल्यासारखी का, असले पुरावे मात्र लंगडे आहेत. त्यांचे कारण निर्मितीच्या घाईतही सापडू शकते.

पुढे तिचा पाय घसरला. २६ जून २०१२ रोजी कंपनीने शेवट विस्तारून विनामूल्य दिला, तेव्हा काही अनुयायांनी तो विस्तारही स्वप्नातच जमा केला. प्रत्येक विरुद्ध पुराव्याला भास ठरवणारी उपपत्ती कधी खोटी पडत नाही, पण म्हणूनच ती काही सिद्धही करीत नाही. तिसऱ्या खंडाच्या लेखकांपैकी क्रिस हेपलर यांनी २०२१ मध्ये असा हेतू नव्हता असे सांगितले. लेखकाचा हेतू हा टीकेतला अखेरचा शब्द नव्हे, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप निराळा आहे. शेवट जर स्वप्न असेल, तर युद्धाचा निकाल लागलाच नाही, आणि तीन खंडांची कथा शेवटावाचून उरली. वाईट शेवटाच्या जागी या मंडळींनी चांगला शेवट ठेवला नाही. शेवटच काढून टाकला.

हिरवी वाटच पाहा. ज्या लेखकांनी दोन जातींच्या ताटांतला भेद विसरू दिला नाही, त्यांनीच एका झोतात सगळ्या देहांचे आणि यंत्रांचे मीलन उरकून टाकले. हे त्यांच्याच शास्त्राला सोडून होते, आणि तसे सांगण्याइतका अभ्यास या रसिकांजवळ होता. दोष दिसला असूनही त्यांनी तो स्वप्नाच्या पदरात घातला, कारण आवडत्या कलाकृतीने दगा दिला हे कबूल करणे कठीण जाते. यात मला त्यांची फसवणूक दिसत नाही, प्रेम दिसते. पण टीकेला प्रेमाबरोबर निकाल देण्याचेही धैर्य लागते. शेवट फसला असे म्हटल्याने आधीचे दोन खंड हलके होत नाहीत. त्यांनी घालून दिलेल्या नियमांमुळेच तर तिसऱ्याचा दोष आपल्याला दिसला.