वापरसुलभतेची कसोटी : वरळी कोळीवाड्यातील दवाखाना आणि संगणकप्रणालीची निवड

प्रस्तावना :
दवाखान्यासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकप्रणालींना ‘वापरण्यास सोपी’ हे विशेषण लावले जाते. ती कोणासाठी सोपी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाने (१९९८, सुधारित २०१८) परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान हे निकष विशिष्ट वापरकर्ता, उद्दिष्ट आणि परिस्थिती यांच्याशी बांधले आहेत. म्हणजेच वापरसुलभता हा प्रणालीचा अंगभूत गुण नव्हे.

विवेचन :
वरळी कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीतील लहान दवाखान्यात प्रणालीचा पहिला वापरकर्ता डॉक्टर नसून नाव नोंदवणारा कंपाउंडर असतो. विक्रेता मात्र डॉक्टरच्या पडद्याचेच प्रात्यक्षिक दाखवितो. येथे कोळी, वरळीकर ही आडनावे अनेक घरांत आढळतात. ‘लक्ष्मी’ हे नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जाते. शोध केवळ रोमन अक्षरांवर चालत असेल, तर एकाच रुग्णाच्या दोन नोंदी तयार होतात. पेनिसिलिनची ॲलर्जी पहिल्या नोंदीत राहते आणि डॉक्टरसमोर दुसरी उघडते. येथे गैरसोय नव्हे, तर जीव पणाला लागतो. देवनागरीतील शोध, वय व दूरध्वनी क्रमांकाची जोड यांना म्हणूनच सजावटीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागते.

कागदी केसपेपर जलद असतो आणि जुना डॉक्टर रुग्णांना चेहऱ्याने ओळखतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ती ओळख बदली डॉक्टरकडे हस्तांतरित होत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनेही नोंदी त्वरित सापडाव्यात, यासाठी संगणकीकरणाचे प्रयत्न करण्यास सांगितले आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंद मानकांनुसार डॉक्टर हा या नोंदींचा विश्वस्त ठरतो. विक्रेता बदलताना नोंदी बाहेर काढता येत नसतील, तर ते विश्वस्तपण नावापुरतेच उरते. मार्च २०२० च्या अखेरीस कोरोना साथीत कोळीवाडा बंदिस्त झाला होता; अशा प्रसंगी रुग्णाची माहिती दवाखान्याबाहेर पोहोचण्याची गरज तीव्र होते. त्याच वेळी, सर्व जण एकमेकांना ओळखतात अशा वस्तीत बाकाकडे तोंड केलेला पडदा गोपनीयतेचा भंग करतो.

निष्कर्ष :
निवडीची कसोटी दवाखान्यातच घ्यावी लागेल. संध्याकाळच्या गर्दीत, विक्रेत्याच्या मदतीविना, कंपाउंडरने दहा जुने रुग्ण शोधून दाखवावेत आणि त्यांच्या नोंदी अन्य प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात बाहेर काढाव्यात. या दोन परीक्षांत अनुत्तीर्ण होणारी प्रणाली कितीही देखणी असली, तरी तिला सुलभ म्हणता येणार नाही.