रिलेचे आयुष्य वर्षांत मोजावे की खटक्यांत?

शालेय प्रकल्पांच्या तक्त्यांत आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत एक तुलना हमखास आढळते : यांत्रिक रिलेत हलणारे भाग, म्हणून आयुष्य कमी, सॉलिड स्टेट रिलेत हलणारा भाग नाही, म्हणून आयुष्य जास्त. विधान खोटे नाही. पण ते इतके अपुरे आहे की शेतकऱ्याला महागात पडावे.

सोनईचेच उदाहरण घेऊ. मुळा धरणाच्या कालव्याचा हा ऊसपट्टा. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यातली. तिच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर म्हणजे रिलेचा थोरला भाऊ. कॉइलमधून प्रवाह गेला की विद्युतचुंबक पट्टी ओढतो आणि पॉइंट जुळतात. पॉइंट सुटताना ठिणगी पडते, धातू कणाकणाने झिजतो. म्हणून साध्या रिलेचे यांत्रिक आयुष्य एक कोटी खटक्यांच्या घरात असले, तरी पूर्ण भारावर ते लाखाच्या आसपास येते. कॉन्टॅक्टर याहून दणकट असतो. तरी लाखच धरू. मोटर दिवसातून दहा वेळा चालू-बंद झाली, तर लाख खटक्यांना सत्तावीस वर्षे लागतील! उलट, अंडी उबवण्याच्या यंत्रात तापनियंत्रक दर दहा सेकंदांनी हीटर लावत असेल, तर दिवसाला ८६४० खटके होतात. लाखाचा हिशेब बाराव्या दिवशी संपतो आणि पिल्लू बाहेर येते एकविसाव्या दिवशी. तेथे सॉलिड स्टेट रिलेच हवा.

पण तोच विहिरीवर बसवला तर? त्यातील अर्धवाहकावर एक ते दीड व्होल्ट खर्ची पडतो. साडेसात अँपियर प्रवाहाला तिन्ही फेज मिळून पंचवीस-तीस वॅट उष्णता होते, तीही वैशाखातल्या पत्र्याच्या पेटीत. जवळपास वीज पडली की तारेतून येणारा दाबाचा झटका त्याला क्षणात निकामी करू शकतो. (कॉन्टॅक्टरचे शत्रू वेगळे : मुंग्या, धूळ, आणि कमी दाबाला होणारी थरथर. अशा थरथरीत मिनिटाला शेकडो खटके पडतात व वरचा सत्तावीस वर्षांचा हिशेब कोलमडतो.)

खरा आक्षेप मात्र पुढेच आहे. सॉलिड स्टेट रिले बिघडतो तो बहुधा ‘चालू’ अवस्थेत. बटण दाबूनही मोटर थांबत नाही. शिवाय धडधाकट असतानाही ‘बंद’ अवस्थेत त्यातून काही मिलिअँपियर प्रवाह झिरपत असतो. पॉइंटमधील हवेच्या फटीसारखा तो मंडल तोडत नाही. मोटर बंद दिसते म्हणून वायरला हात घालणाऱ्याच्या जिवाशी हा खेळ आहे. कॉन्टॅक्टरचे पॉइंटही कधी वितळून चिकटतात. म्हणून मेन स्विच पाडल्याविना दुरुस्ती नकोच, हे दोन्हींना लागू. तक्त्यात या गोष्टीला रकानाच नसतो.

वर्गासाठी एक गृहपाठ : ज्यांच्या घरी रिलेचा स्टॅबिलायझर आहे, त्यांनी संध्याकाळी तासभर त्याची टकटक मोजून आणावी, आणि लाख खटक्यांना किती दिवस लागतील ते फळ्यावर काढावे.