ड्रमवादकाचे दुसरे कर्तृत्व

रॉक संगीताच्या समीक्षेने गेल्या साठ वर्षांत गायक, गीतकार आणि गिटारवादक यांच्याविषयी विपुल लेखन केले असले, तरी ड्रमवादकाच्या वाट्याला त्या लेखनात बहुधा दोनच भूमिका आल्या. ‘द हू’ या बँडचे कीथ मून यांच्यासारखा बेफाम वाजवणारा आणि तितक्याच बेफामपणे जगणारा अवलिया ही त्यांतली एक भूमिका, तर मागच्या बाजूला बसून निमूटपणे लय सांभाळणारा साथीदार ही दुसरी. याच वादकांपैकी अनेकांनी चित्रपटसंगीत, ऑपेरा, प्रवासलेखन, विद्यापीठीय संशोधन, वकिली, राजकारण आणि शेतीतही भरीव काम केले, परंतु या दोन चौकटींत ते मावत नसल्यामुळे नियतकालिकांत त्याची नोंद छंद किंवा विरंगुळा म्हणूनच झाली. वास्तविक यांतले सर्वोत्तम काम ड्रमवादनातूनच उगवलेले आहे आणि मूळ कलेत नाकारल्या गेलेल्या कर्तेपणाचा शोध त्यात दिसतो, त्यामुळे ड्रमवादनाच्या आजच्या स्थितीचा विचार करताना ते वगळता येत नाही.

हे कर्तेपण कसे नाकारले जाते हे समजण्यासाठी वाद्याची रचना लक्षात घ्यावी लागते. ड्रमसंचावर एकटा वादक दोन्ही हात आणि दोन्ही पाय वापरून वाजवतो. एका पायाने बास ड्रम, एका हाताने स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम, आणि दुसऱ्या हाताने हाय-हॅट, म्हणजे पायपट्टीने उघडझाप होणारी दोन झांजांची जोडी. रॉकचा मूळ ठेका चार मात्रांचा असून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा जो ठसठशीत आघात पडतो त्याला बॅकबीट म्हणतात, आणि गाण्याच्या दोन भागांच्या सांध्यावर वाजणाऱ्या छोट्या तुकड्याला फिल म्हणतात. तबल्याच्या परंपरेत एखादी गत किंवा कायदा कोणत्या उस्तादाचा हे सांगून वाजवण्याची रीत आहे, एकल वादनाची प्रतिष्ठा आहे आणि घराण्यांची ओळखच अशा रचनांवर उभी आहे. रॉकमध्ये मात्र गाण्याचे कर्ते म्हणजे स्वररचना आणि शब्द लिहिणारे, असाच व्यवहार रूढ झाला आणि ठेका कितीही मौलिक असला तरी तो केवळ ‘वादन’ म्हणून मोजला गेला. ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला जेमतेम सात सेकंदांचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत जसाच्या तसा उचलला गेला, त्यावर नृत्यसंगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले, आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत कोलमन यांना त्याचे मानधन मिळाले नाही. हे उदाहरण सोल आणि फंक संगीतातले असले तरी रॉकमधला हिशेब वेगळा नव्हता. ‘आर.ई.एम.’ सारख्या एखाद्या बँडने गाण्यांचे श्रेय चारही सदस्यांत सारखे वाटले, पण तो अपवादच.

या पार्श्वभूमीवर स्टुअर्ट कोपलँड यांची वाटचाल तपासण्यासारखी आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या आणि वडिलांच्या गुप्तहेर खात्यातील नोकरीमुळे कैरो आणि बैरूत येथे वाढलेल्या कोपलँड यांनी १९७७ मध्ये ‘द पोलीस’ हा बँड उभा केला, परंतु त्याची बहुतेक गाजलेली गाणी बँडचे गायक स्टिंग यांच्या नावावर आहेत. पहिली मात्रा मोकळी सोडण्याची जमैकाच्या रेगे संगीतातील पद्धत आणि लहानपणी कानावर पडलेले अरबी ठेके यांच्या मिलाफातून त्यांनी जी हाय-हॅटची बारीक, तडतडती भाषा घडवली तिच्याशिवाय ती गाणी ओळखू येणार नाहीत, तरीही श्रेयनामावलीत या भाषेला जागा नव्हती. ती जागा त्यांना चित्रपटात मिळाली. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘रंबल फिश’ (१९८३) या चित्रपटात घड्याळे आणि निसटता काळ हा मध्यवर्ती धागा असल्यामुळे त्याचे संगीत आघातवाद्यांवर बेतावे असा दिग्दर्शकाचा विचार होता. कोपलँड यांनी टल्सा शहरातील रस्त्यांवरचे आवाज ध्वनिमुद्रित करून ते ठेक्यांत गुंफले आणि त्या संगीताला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. येथे लय ही गाण्याखालची जमीन न राहता आशयच बनली, म्हणून हे काम त्यांच्या सर्व बाह्य कर्तृत्वात श्रेष्ठ मानावे लागते. पुढे ‘वॉल स्ट्रीट’, ‘टॉक रेडिओ’ यांसारखे चित्रपट, ‘स्पायरो द ड्रॅगन’ हा व्हिडिओ गेम, सॅन फ्रान्सिस्को बॅलेसाठी ‘किंग लिअर’ आणि १९८९ मध्ये क्लीव्हलँडमध्ये सादर झालेला धर्मयुद्धांवरील ऑपेरा असा त्यांचा पसारा वाढला. ऑपेरात लयीचा जोम जाणवतो, पण मानवी आवाजाला लागणारा श्वास आणि विसावा त्या जोमापुढे अनेकदा कमी पडतो, आणि ही मर्यादा ड्रमवादकाच्या शिस्तीतूनच आलेली आहे. बंगळूरचे संगीतकार रिकी केज यांच्यासह केलेल्या ‘डिव्हाइन टाइड्स’ला २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे ग्रॅमी मिळाली, ते संगीत मात्र गुळगुळीत आहे, ‘रंबल फिश’ची धार त्यात नाही.

कॅनडाच्या ‘रश’ या बँडचे नील पिअर्ट यांची कथा याच्या उलट बाजूने जाते. बहुतेक गाण्यांवर संगीतकार म्हणून बँडमधील सहकारी गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांची नावे असत आणि पिअर्ट यांचे नाव गीतकार म्हणून; म्हणजे त्यांच्या पिढीतील सर्वाधिक अनुकरण झालेल्या ड्रमवादकांपैकी एकाला कर्ता म्हणून मान्यता मिळाली ती शब्दांमुळे. टोरांटो विमानतळाच्या मोर्स संकेताचे आघात ज्या रचनेचा गाभा आहेत त्या ‘वाय.वाय.झेड.’ (१९८१) या वाद्यरचनेत मात्र त्यांचे नाव सहरचनाकार म्हणून आले, कारण तेथे लय हाच विषय होता आणि तो नाकारणे शक्य नव्हते. शब्दांची ही वाट पुढे गद्याकडे वळली. कॅमेरूनमधील सायकलप्रवासावरचे पुस्तक १९९६ मध्ये आले. त्यानंतर १९९७ मध्ये मुलीचा अपघाती मृत्यू आणि १९९८ मध्ये पत्नीचा कर्करोगाने मृत्यू, अशा दोन आघातांनी वादन थांबले आणि पिअर्ट मोटरसायकलवरून उत्तर व मध्य अमेरिकेत सुमारे ८८,००० किलोमीटर फिरले. ‘घोस्ट रायडर’ (२००२) हे त्या प्रवासाचे पुस्तक शोकाविषयी क्वचितच थेट बोलते; रस्ता, अंतर, हवामान, मुक्काम आणि जेवण यांच्या नियमित नोंदींतून दिवस पुढे ढकलले जातात आणि त्या नियमिततेतूनच शोकाला आकार येतो. मात्रा मोजत पुढे जाणारे, एका दिवसाला एकच आवर्तन देणारे हे गद्य एका वादकाचेच गद्य आहे. मित्राला लिहिलेली लांबच लांब पत्रे जशीच्या तशी ठेवल्यामुळे उत्तरार्ध सैल झाला आहे आणि संपादनाची कात्री अधिक कठोर हवी होती, हेही खरे. तरी वादकांनी लिहिलेल्या गद्यात या पुस्तकाच्या तोडीचे फार थोडे सापडेल. या मजकुराइतकीच महत्त्वाची बाब अशी की विसेक वर्षे व्यावसायिक कीर्ती भोगल्यानंतर, १९९०च्या दशकाच्या मध्यात, पिअर्ट यांनी फ्रेडी ग्रूबर या शिक्षकाकडे काठी धरण्यापासून पुन्हा धडे घेतले होते. कला पुन्हा पहिल्यापासून शिकता येते ही जाणीव आधी हातांना झाली आणि नंतर ती जगण्यात उतरली, असे त्यांच्या चरित्राकडे पाहून म्हणता येते.

बिल ब्रुफोर्ड यांनी ड्रमवादकाच्या कर्तेपणाचा प्रश्न अधिक थेट हाती घेतला. ‘यस’ या बँडने ‘क्लोज टू द एज’ (१९७२) हा त्यांचा सर्वाधिक मान्यता पावलेला अल्बम पूर्ण करताच ते तेथून बाहेर पडले आणि ‘किंग क्रिमसन’मध्ये गेले, १९८६ मध्ये ‘अर्थवर्क्स’ हा जॅझ बँड काढला आणि २००९ च्या आरंभी जाहीर वादनातून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी सरे विद्यापीठात संशोधन करून २०१६ मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि त्यावर आधारित ‘अनचार्टेड’ हे पुस्तक २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने प्रकाशित केले. अनुभवी ड्रमवादकांच्या मुलाखतींतून त्यांनी मांडलेली कल्पना अशी की प्रत्येक वादन एका पट्ट्यावर कोठेतरी असते: त्याच्या एका टोकाला कार्यवाही वादन, ज्यात वादक दुसऱ्याने ठरवलेली गरज पुरवतो, आणि दुसऱ्या टोकाला रचनात्मक वादन, ज्यात निवड त्याची स्वतःची असते. कोठे, किती आणि काय न वाजवावे याचा निर्णय हीच ड्रमवादकाची निर्मिती, हे वादक एरवी आपसांत बोलत असत. ब्रुफोर्ड यांनी त्याला शास्त्रीय परिभाषा दिली. त्यांचे पुस्तक वाचायला सोपे नाही, पण रॉकच्या ड्रमवादकांनी वादनाबाहेर केलेल्या कामांत त्या कलेला सर्वांत अधिक परत देणारे काम हेच आहे. सत्तरी ओलांडल्यावर ते पुन्हा एका लहानशा जॅझ त्रयीत वाजवू लागले.

सर्वच उदाहरणे या सूत्रात बसत नाहीत आणि ती बळेच बसवू नयेत. ‘ब्लर’चे डेव्ह राउनट्री यांचे नाव बँडच्या गाण्यांच्या श्रेयात होते, तरीही त्यांनी अ‍ॅनिमेशन कंपनी काढली, वकिलीची पात्रता मिळवली, मजूर पक्षाकडून संसदेची निवडणूक लढवून हरले आणि २०१७ ते २०२१ या काळात नॉरफक परगण्याच्या परिषदेत निवडून आलेले सदस्य होते. वकिलीत किंवा परिषदेच्या कामकाजात ड्रमवादन शोधणे व्यर्थ होय. तेथे एका नागरिकाची निष्ठा आहे आणि तिचा स्वतंत्र आदर करावा. ‘पिंक फ्लॉइड’चे निक मेसन ल मां येथील चोवीस तासांच्या मोटारशर्यतीत पाच वेळा उतरले, परंतु शर्यतींपेक्षा त्यांचे ‘इन्साइड आउट’ (२००४) हे बँडचे चरित्र मोलाचे आहे, कारण बँडच्या प्रत्येक अल्बमवर असलेला तो एकमेव सदस्य भांडणांचा निःपक्ष साक्षीदार ठरतो. ‘आर.ई.एम.’चे बिल बेरी यांना १९९५ मध्ये कार्यक्रम चालू असतानाच मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने गाठले, दोन वर्षांनी ते बँडमधून बाहेर पडले आणि जॉर्जियात शेती करू लागले.

बेरी यांच्या उदाहरणातून आणखी एक कारण पुढे येते, ते म्हणजे शरीर. ‘ब्लाँडी’चे क्लेम बर्क यांच्यावर ब्रिटिश क्रीडाशास्त्रज्ञांनी केलेल्या निरीक्षणांत मैफलीतील हृदयगती व्यावसायिक फुटबॉलपटूच्या जवळ जाणारी आढळली. पिअर्ट यांनी २०१५ मध्ये शारीरिक त्रासामुळेच मंच सोडला. फिल कॉलिन्स यांना काठी धरणे अशक्य झाले आणि ‘जेनेसिस’च्या अखेरच्या दौऱ्यात त्यांचा मुलगा वाजवत होता. शिवाय १९८० मध्ये बाजारात आलेल्या लिन एल.एम.-१ या यंत्राने खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आघात बटणांवर आणले, आणि आज ध्वनिमुद्रित लोकप्रिय संगीताचा मोठा भाग संगणकाच्या पडद्यावर आखलेल्या चौकटींत ठेका मांडून तयार होतो. यंत्राने कार्यवाही वादन जवळजवळ पूर्ण आपल्याकडे घेतले, त्यामुळे माणसासाठी उरले ते रचनात्मक टोक. या दृष्टीने पाहता ब्रुफोर्ड यांचा पट्टा आजच्या परिस्थितीचेही अचूक वर्णन करतो.

‘ग्रेटफुल डेड’चे मिकी हार्ट यांचे काम मुंबईशी थेट जोडलेले आहे. उस्ताद अल्लारखाँ यांच्या तालविचाराने प्रभावित होऊन त्यांनी झाकीर हुसेन यांच्यासह १९७६ मध्ये ‘दिगा ऱ्हिदम बँड’चे ध्वनिमुद्रण केले, आणि १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताच्या विभागातील पहिले ग्रॅमी मिळाले. जगभरच्या तालवाद्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसशी संलग्न राहून जुनी ध्वनिमुद्रणे जपण्यास हातभार लावला. ज्या परंपरेत लयीचा कर्ता नावाने ओळखला जातो तिच्या सहवासाने एका रॉक वादकाची दृष्टी किती रुंदावली, याचा हा पुरावा आहे.

त्याच मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, ड्रम आणि इतर आघातवाद्ये वाजवणाऱ्या गोवेकर व पारशी वादकांची नावे तबकड्यांच्या वेष्टनांवर सहसा छापली गेली नाहीत. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी यांचे घराणे, लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ ही त्यांतली काही नावे. यांपैकी केर्सी लॉर्ड आघातवाद्यांवरून अ‍ॅकॉर्डियन, संगीतसंयोजन आणि सिंथेसायझरकडे गेले आणि त्यांची वाटचाल कोपलँड यांच्या शेजारी ठेवून तपासण्याजोगी आहे. या वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला विस्तृत अभ्यास ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या पुस्तकात ग्रेगरी बूथ या परदेशी संशोधकाने केला. त्या पिढीतील जे वादक अद्याप हयात आहेत त्यांच्या आठवणी, नोंदवह्या आणि ध्वनिमुद्रणांच्या याद्या मराठी संगीत-अभ्यासकांनी आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आताच गोळा कराव्यात.