पारपत्र आणि माणूस

अनिता देसाई यांची ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. नगर जिल्ह्यातील वाचकाने ती मुद्दाम वाचावी असे आम्हांस वाटते. तीत वर्णिलेल्या स्थानबद्धांच्या छावणीसारखी छावणी एके काळी आमच्याच शहरात होती.

ह्यूगो बॉमगार्टनर हा बर्लिनचा यहुदी तरुण हिटलरच्या राज्यातून निसटून हिंदुस्थानात येतो. आई मागेच राहते. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकार त्यास पकडते. ज्यांच्याशी तुमचे युद्ध त्यांच्याच भयाने आपण पळून आलो, हे तो सांगू पाहतो. परंतु पारपत्र जर्मन, म्हणून माणूसही शत्रूच! पुढील सहा वर्षे तो हिटलरच्या भक्तांबरोबर एकाच कुंपणाआड काढतो. लेखिका येथे आवाज चढवीत नाही, आणि म्हणूनच हा भाग मनातून जात नाही.

हे निव्वळ कल्पित नव्हे. १९३९ साली अहमदनगरच्या छावणीत जर्मनांबरोबर यहुदी निर्वासितही डांबले गेले; चौकशीअंती पुष्कळ जण सुटले. पुढे २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानाने जर्मनीने परदेशी राहणाऱ्या आपल्या यहुद्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. ज्या नागरिकत्वापायी बंदिवास घडला, तेही उरले नाही. (पहिल्या महायुद्धात याच शहरात जर्मन मिशनरी स्थानबद्ध होते. आमच्या जिल्ह्यातील कॅथलिक मिशनचा पाया घालणारे येशूसंघीयही जर्मनच; त्या युद्धात त्यांच्यापैकी बहुतेकांना हा देश सोडावा लागला. ही आठवण आपण क्वचितच काढतो.)

आमची तक्रार नायकाविषयी आहे. ह्यूगो इतका निमूट, इतका सोशिक रंगविला आहे की निराधारपणा हा जणू त्याचा स्वभावच वाटू लागतो. वास्तविक तो सरकारांनी केलेला निर्णय आहे. एकाने हाकलले, दुसऱ्याने ओळखलेच नाही. युद्धोत्तर मुंबईच्या प्रकरणांत, मांजरांच्या घोळक्यात, लेखिका हा निर्णय विसरते आणि केवळ एकाकी म्हातारा उरतो. तेथे कादंबरी सैल पडते.

हा भेद महत्त्वाचा आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा जाऊन २०२५ साली नवा आला, पण निर्वासित कोणास म्हणावे हे तोही सांगत नाही. आश्रय मिळतो तो सरकारी आदेशाने, हक्काने नव्हे. मिसर देशी पळालेल्या पवित्र कुटुंबाचे चित्र आपल्या घरोघरी असते. योसेफाकडे कोणी कागद मागितला असता तर त्याने काय दाखविले असते?

ह्यूगोजवळ शेवटपर्यंत राहिली ती आईची जुनी, त्रोटक पत्रे. त्याच्या मृत्यूनंतर लोटे ही त्याची मैत्रीण ती घेऊन घरी जाते.